शनिवारचा अंधार

उद्या सकाळी सगळं जग एकदम बंद पडलं, नळाला पाणी नाही, तारांत वीज नाही, दुकानं उघडत नाहीत आणि मोबाइल मुके झाले, तरी नागपूरच्या नंदनवन वस्तीतल्या एका घरात ठरल्या वेळी चहा होणार, वरण शिजणार आणि दुपारी वाऱ्याची झुळूकही लागणार, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. ते घर आमच्या साडभाऊंचं. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. आम्ही दोघं एकाच सासरचे जावई, पण जगबुडीच्या परीक्षेत ते पहिल्या वर्गात पास होऊन बसलेले आहेत आणि माझं अजून नावही दाखल झालेलं नाही. माझ्याकडे बघताना त्यांच्या डोळ्यांत नेहमी एक कणव असते. हा बिचारा काही त्यातून वाचायचा नाही, असं त्यांना मनापासून वाटतं.

गंमत अशी की या गृहस्थाची सारी नोकरी वीज खात्यात झाली. खांबावर चढण्यापासून सुरुवात केली आणि खुर्चीत बसून निवृत्त झाले. अशा माणसाच्या घरी दिव्यांचा लखलखाट असायला हवा. पण पेढे वळणारा कारागीर जसा पेढ्याला तोंड लावत नाही, तसा यांचा विजेवर काडीचा भरवसा नाही. "मी तिले आतून पाह्यलं आहे," असं ते विजेबद्दल म्हणतात आणि पुढे बोलत नाहीत. घरात इन्व्हर्टर नाही. "इन्व्हर्टर म्हणजे माणसाले गाफील करायचं मशीन" हे त्यांचं ठाम मत. एकदा मी म्हणालो, "भाऊजी, नागपूर देशाच्या मधोमध. इथं समुद्र नाही, भूकंप नाही. आपल्यावर असं कोणतं संकट येणार आहे?" त्यांनी हातातली सुतळी खाली ठेवली. "समुद्र नाही म्हणून काय झालं गा? आपल्या नाल्याले कोणी समुद्राची शिकवणी लावली होती का? शिरलाच ना लोकाच्या घरात?" यावर मी नुसती मान डोलावली, आणि त्या डोलावण्याचा अर्थ त्यांनी मी शिष्य झालो असा घेतला. तेव्हापासून त्यांचा प्रत्येक प्रयोग आधी माझ्यावर होतो.

पहिला प्रयोग पाण्याचा. त्यांच्या स्वयंपाकघराच्या दाराशी एकावर एक असे तीन माठ आहेत. वरच्यात रेती, मधल्यात कोळसा, खालच्यात स्वच्छ झालेलं पाणी. घाण पाणी वरून ओतायचं, आधी त्यात शेवग्याच्या बियांची पूड घालून गाळ खाली बसवायचा, आणि संध्याकाळपर्यंत थेंब थेंब पाणी खाली उतरतं. व्यवस्था उत्तम. अडचण एकच होती, ती म्हणजे घाण पाणी मिळण्याची. नंदनवनात नळाला येतं ते पाणी चांगलं स्वच्छ. म्हणून साडभाऊ आधी नळाचं स्वच्छ पाणी बादलीत घेत, त्यात अंगणातली माती कालवून ते नीट गढूळ करत आणि मग दिवसभर खपून ते पुन्हा नळाच्या पाण्याइतकं स्वच्छ करत. ते पाणी पाहुण्याला पेल्यात देऊन ते समोर उभे राहत. आपण घोट घेतला की आपल्या घशाकडे टक लावून बघत. "कसं आहे?" मी म्हणायचो, "छान आहे." "मातीचा वास?" "नाही आला." मग ते मान डोलावून आत जात आणि मी घरी आल्यावर दोन दिवस पोटाकडे लक्ष ठेवून असे. खरं सांगायचं तर पोट कधी बिघडलं नाही.

संत्र्याच्या दिवसांत त्यांच्याकडे जाणं म्हणजे तर परीक्षाच. आपल्यासमोर बशीत संत्रं येतं. सवयीनं आपण अंगठा रोवून साल काढायला जातो, तोच आतून आवाज येतो, "थांब गा! आडवं सोल!" संत्र्याला मधोमध गोल चीर द्यायची, आतल्या फोडी अलगद काढून घ्यायच्या, मधला पांढरा दोरा तुटू न देता उभा ठेवायचा, मग त्या वाटीत गोडं तेल घालून दोरा पेटवायचा, की दिवा तयार. ते स्वतः हे इतकं सफाईनं करतात की बघत राहावं. मला मात्र तो दोरा कधी अखंड ठेवता आला नाही. माझ्या हातून तो तुटला की ते माझ्याकडे न बघता माझ्या बायकोकडे बघून म्हणत, "ह्याच्या भरवशावर राहू नको वं तू." डिसेंबरात त्यांच्या ओट्यावर अशा वाट्यांची रांग लागलेली असे आणि सगळ्या घराला किंचित जळक्या संत्र्याचा वास येई. मला तो वास आवडू लागला आहे हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही, कारण सांगितलं तर मला एक टोपलीभर साली घरी न्याव्या लागतील.

उन्हाळ्यात मात्र त्यांच्या प्रतिभेला खरा बहर येतो. आमच्याकडे मार्च संपत आला की घरोघरी माळ्यावरून कूलर उतरतात. साडभाऊंनी एका उन्हाळ्यात बिनविजेचा कूलर काढला. खिडकीला खसची, म्हणजे वाळ्याची, ओली ताटी, तिच्या आड जुन्या कूलरचा पंखा, आणि तो पंखा साखळीनं एका जुन्या सायकलला जोडलेला. सायकलवर बसून पेडल मारलं की पंखा फिरायचा आणि खोलीत खरोखर गार, सुगंधी वारा यायचा. फक्त ज्याला वारा लागे तो पेडल मारत नसे आणि जो पेडल मारी त्याला वारा लागत नसे. पेडल अर्थात माझ्याकडे. दुपारच्या जेवणानंतर मी घामाघूम होऊन पेडल मारतो आहे आणि समोरच्या दिवाणावर ते "जरा जोरात घे गा, झोप मोडून राहिली" असं म्हणत पडले आहेत, हे दृश्य आमच्या घरातल्या सगळ्यांनी पाहिलेलं आहे आणि एका दुष्ट मेहुण्यानं त्याचा फोटोही काढून ठेवला आहे. गच्चीवर त्यांची सूर्यचूल होती. पेटीत तुरीची डाळ ठेवायची, झाकणाचा आरसा उन्हाकडे करायचा, दुपारपर्यंत डाळ मऊ. नागपूरच्या उन्हात डाळच काय, धोंडाही शिजेल. पण एक दिवस वर जाऊन पाहतात तो एक मोठं वानर त्या आरशासमोर बसून स्वतःच्या तोंडाकडे गंभीरपणे बघत होतं. साडभाऊ हातात काठी घेऊन उभे. वानर उठेना. शेवटी ते उठलं, डाळीचं भांडं घेतलं आणि शेजारच्या गच्चीवर गेलं. "शिजली होती," साडभाऊ खाली येऊन समाधानानं म्हणाले, "त्यानं पूर्ण खाल्ली."

त्यांच्या या सगळ्या उद्योगांत ताईचा, म्हणजे माझ्या मेव्हणीचा, सहभाग इतकाच की ती सारखी बोलत असे. "ह्यांचं डोकं फिरलं आहे," हे तिचं रोजचं वाक्य. त्यांनी वाळवलेल्या वांग्यांची भाजी ती करत असे आणि वाढताना "खा आता तुमची जगबुडी" म्हणत असे. बाई खमकी, हसतमुख, कामाला वाघ. त्यांचा संसार असाच कुरकुरत, हसत चालला होता आणि तसाच चालला असता, पण दोनेक वर्षांपूर्वी ताई अंगणातल्या तुळशीवृंदावनाला दोनदा धडकली. समोरचं तिला नीट दिसे, बाजूचं दिसत नसे. सदर भागातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तिला नेलं तेव्हा मी बरोबर होतो. त्यांनी काचबिंदू असल्याचं सांगितलं. गेलेली नजर परत यायची नाही, आहे ती थेंब घालून सांभाळायची, पण किती दिवस सांभाळली जाईल ते सांगता येत नाही, असं ते अगदी हळू आवाजात म्हणाले. बाहेर आल्यावर आम्ही तिघं बराच वेळ रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. मग ताई म्हणाली, "दिसलं नाही तं नाही दिसलं. पण माझ्या घरात मले कोणी हात धरून फिरवू नये. एवढंच पायजे मले." साडभाऊंनी तिच्या हातातली औषधाची चिठ्ठी घेतली, तिची घडी घातली, उलगडली आणि पुन्हा घातली. ज्या माणसाकडे प्रत्येक संकटाचं उत्तर तयार असतं, त्याच्या हातात त्या दिवशी फक्त ती चिठ्ठी होती.

त्यानंतरच्या शनिवारी आम्हां नवरा-बायकोला त्यांचं बोलावणं आलं. गेलो तर घरात सगळीकडे दोरी. पलंगापासून निघून भिंतीच्या कडेकडेनं कमरेइतक्या उंचीवर ती स्वयंपाकघरात गेलेली, तिथून घरातल्या अरुंद बोळीत, बोळीतून न्हाणीत, तिथून वळून बैठकीत. प्रत्येक दाराशी दोरीला गाठी. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्याच्या गळ्यात सुतळी आणि सुतळीला गाठी. मिठाला एक, साखरेला दोन, असं पुढे. "भूकंपाची तयारी," साडभाऊंनी जाहीर केलं. "भूकंपात पहिले लाइट जाते. अंधारात घर चालवता आलं पायजे. आता दर शनिवारी दिवेलागणीले मेन स्वीच बंद. सगळ्याहिनं सराव करायचा." त्यांनी 'सगळ्याहिनं' यावर जोर दिला आणि ताईकडे पाहिलंसुद्धा नाही. ताई म्हणाली, "नागपुरात भूकंप!" आणि कपाळावर हात मारला. माझी बायको म्हणाली, "काहीतरीच तुमचं भाऊजी." मीही हसलो. तिथं असलेल्या प्रत्येकाला ही तयारी कशाची आहे हे ठाऊक होतं, आणि प्रत्येकानं भूकंपावर यथेच्छ थट्टा केली. त्या भूकंपाचे आम्ही सगळेच फार आभारी आहोत.

मग दर शनिवारचा तो अंधार सुरू झाला. जो कोणी त्या घरी असेल त्याला त्यात भाग घ्यावा लागे. मी दोनदा न्हाणीऐवजी देवघरात गेलो. आमच्या हिनं चहात मोहरी घातली. या सगळ्या धडपडीच्या मधोमध साडभाऊ आपली नोकरीतली लांब टॉर्च घेऊन उभे असत आणि कोणी चुकलं की त्याच्या तोंडावर झोत मारत. "चुकला! परत जा पलंगापासून!" टॉर्च त्यांनी कधी खाली ठेवली नाही. मी एकदा म्हणालो, "भाऊजी, तुम्हीही एकदा चालून बघा ना अंधारात." ते म्हणाले, "तपासणारा परीक्षेले बसते का गा?" ताई मात्र चालायची. तोंडानं त्यांचा उद्धार करत, पण एक हात दोरीवर ठेवून अचूक चालायची. एकदा माझी बायको अवेळी गेली तेव्हा साडभाऊ भाजीबाजारात गेले होते आणि ताई भर दुपारी, समोरचं लख्ख दिसत असताना, डोळे गच्च मिटून बोळीतून चालत होती. हिनं दारातूनच पावलं मागे घेतली, जरा वेळ बाहेर थांबली आणि मग मोठ्यानं हाक मारून आत गेली.

गाठींची भानगड मात्र एकदा अंगाशी आली. साडभाऊंनी नवे डबे आणले आणि सुधारणा म्हणून सगळ्या गाठींचा हिशेब नव्यानं बसवला. ताईला सांगायचं राहून गेलं. त्या शनिवारी तिनं अंधारात शिरा केला, आणि दिवे लागल्यावर आम्ही सगळ्यांनी पहिला घास एकदम तोंडात घातला. चांगलं मूठभर मीठ होतं त्यात. साडभाऊंनी दोन घास निमूट गिळले आणि म्हणाले, "भूकंपात चालते असं." ताईनं ताटली खाली ठेवली. "आजपासून गाठी मी मारीन. डब्याच्या बी अन् दोरीच्या बी. तुम्ही हात नाही लावायचा." तिचा आवाज असा होता की त्यांनी मान हलवली. तिनं सगळ्या घराच्या गाठी सोडून पुन्हा आपल्या मनाप्रमाणे मारल्या. त्यांचा अर्थ तिनं कोणाला सांगितला नाही आणि त्यांनी विचारला नाही. त्यांना काय, त्यांच्या हातात टॉर्च होती.

यंदाच्या मे महिन्यात त्यांच्या मुलीचं लग्न ठरायचं होतं. मुलगी पुण्यात नोकरीला, मुलगा तिच्याच ओळखीतला, अमरावतीचा. दोघांचं केव्हाच ठरलेलं होतं. आता मुलाचे आई-वडील घर बघायला यायचे होते. ताईनं आम्हां दोघांना सकाळपासून बोलावून घेतलं. आतल्या खोलीत तिनं माझ्या बायकोला सांगितलं, मी दारात होतो, "माझ्या डोळ्याचं मी त्याहिले माझ्या तोंडानं सांगीन. लपवायचं नाही आहे काही. पण मी धडपडली अन् त्याहिनं वळखलं, असं होऊ नये. चहा मीच देईन." तोवर तिची नजर बरीच आवळत आली होती. संध्याकाळच्या उजेडात तिला माणसाचा फक्त चेहरा दिसे, खांदे दिसत नसत. आम्ही बरं म्हटलं. मग ती साडभाऊंकडे वळली. "अन् तुम्ही. आज एक बी प्रयोग नाही पायजे. माठाचं पाणी नाही, सायकल नाही, भूकंप नाही." त्यांनी शाळेतल्या मुलासारखी मान डोलावली. तिनं त्यांची सगळी आयुधं नजरेआड केली. तीन माठांची उतरंड मागच्या बोळीत सरकवली, टॉर्च खिळ्यावरून काढून कुठंतरी ठेवली. दोरी काढायला मात्र तिनं नकार दिला. त्या दोरीवर आम्ही झेंडूची फुलं गुंफली, आणि खरोखर, सणासुदीची सजावट वाटावी अशी ती दिसू लागली.

पाहुणे दिवस मावळता आले. मुलाचे वडील निवृत्त मुख्याध्यापक, अबोल. आई बोलकी, गोल चेहऱ्याची. मुलगाही बरोबर आला होता, आमची पोरगी मात्र सुट्टी न मिळाल्यामुळे पुण्यातच होती. साडभाऊ पांढरा शर्ट घालून दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते. बोलायला त्यांना विषयच उरला नव्हता. मुख्याध्यापकांनी उन्हाचा विषय काढला तेव्हा ते सूर्यचुलीच्या तोंडापर्यंत येऊन, ताईकडे बघून, मागे फिरले. मला त्यांची दया आली. तेवढ्यात वारा सुटला. दिवसभर तापलेल्या गावावर संध्याकाळी असं वादळ येतंच. धूळ उडाली, दारं आपटली, पत्रे वाजले आणि कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरनं धडामकन आवाज केला. सगळं नंदनवन काळंठिक्कर झालं. त्या क्षणी साडभाऊंच्या चेहऱ्यावर किती आनंद झाला असेल ते अंधारामुळे पाहता आलं नाही, पण आवाजात तो मावत नव्हता. पाहुण्यांनी मोबाइलचे दिवे लावले मात्र, साडभाऊ कडाडले, "बंद करा सगळ्याहिनं! पहिले चार्जिंग वाचवायची! तार तुटली असन तं रात्रभर लाइट येत नाही. मी खात्यातला आहो." मुख्याध्यापकांनी आयुष्यभर शिस्त लावली होती, त्यामुळे त्यांना ती पाळताही येत होती. त्यांनी दिवा विझवला, त्यांच्या बायकोनं विझवला, मुलानं विझवला. "कोणी हलायचं नाही," साडभाऊ म्हणाले, "मी टॉर्च घेऊन येतो." आणि ते आत गेले.

आम्ही ऐकत बसलो. आधी भिंतीवर हात चाचपडल्याचा आवाज आला. ते खिळा शोधत होते. मग खिळ्यावर टॉर्च नाही हे कळलं असावं, कारण चाचपडणं थांबलं. मग पावलं बोळीकडे वळली. मग असा आवाज झाला की मुलाच्या आईनं "अगं बाई!" म्हणून पदर तोंडाला लावला. तिन्ही माठ गेले होते. पाणी वाहत आमच्या पायांपर्यंत आलं. मग आतून साडभाऊ मोठ्यानं म्हणाले, "काही नाही झालं! फक्त मी कुठं आहो ते समजून नाही राहिलं."

मी उठायला गेलो तर हिनं माझी बाही ओढली. "बसा तुम्ही." कारण शेजारच्या खुर्चीवरून ताई उठली होती. दिसत काहीच नव्हतं, फक्त तिच्या बांगड्यांचा आवाज भिंतीच्या कडेनं सरकत, कुठंही न थांबता आत गेला.

"तिथंच उभे राहा. खाली खापरं आहेत."

"टॉर्च कुठं ठेवली वं?"

"पलंगाच्या पेटीत. आता नाही काढत मी. डावा हात भिंतीले लावा. दोरी लागली?"

"लागली. गाठ बी लागली. ही न्हाणीची ना?"

"पहिले होती. मी बदलली ना सगळी."

"मग मले काहून नाही सांगतलं?"

"तुम्ही कधी दोरीले हात लावला का? टॉर्च घेऊन तं उभे राहता मधात." खापर पायानं सरकवल्याचा आवाज झाला. मग ताईचाच आवाज आला, जरा खालच्या पट्टीतला. "आणा हात इकडं."

बांगड्यांचा आवाज परत आला, या वेळी हळू, आणि त्याच्यामागून दोन ओली पावलं. घरात आपला हात कोणी धरू नये म्हणणारी ती बाई नवऱ्याला हात धरून बोळीतून, दारातून, खुर्च्यांमधून घेऊन आली आणि मुख्याध्यापकांच्या शेजारी बसवून म्हणाली, "बसा इथं. पाय पुसा." मग ती पुन्हा आत गेली. गॅस पेटल्याचा आवाज आला, डब्याचं झाकण उघडलं, दुसरं उघडलं. माझ्या मनात तो खारट शिरा होता, आणि बहुधा साडभाऊंच्याही मनात होता, कारण ते श्वास रोखून बसले होते. देवघरातली समई तेवढी पेटवून तिनं बैठकीत आणून ठेवली आणि तिच्या मिणमिणत्या उजेडात ट्रे घेऊन आली. ट्रे कोणाच्या गुडघ्याला लागला नाही, थेंबही सांडला नाही. मुलाच्या आईला साखर चालत नव्हती. तिचा कप ताईनं ट्रेवर नुसतं बोट फिरवून उचलला आणि तिच्या हातात दिला. चहा फक्कड झाला होता. साडभाऊंनी पहिला घोट घेतला, तोंडात घोळवला आणि मग गिळला. मला त्यांचा सुस्कारा स्पष्ट ऐकू आला.

बऱ्याच वेळानं वीज आली तेव्हा मुलाच्या आईनं आपला कप उलटसुलट करून पाहिला. कपाच्या कानाला सुतळीचा तुकडा बांधलेला होता. "हे काय जी?" तिनं विचारलं. तेव्हा ताईनं सगळं सांगितलं. डोळ्यांचं, डॉक्टरांचं, दोरीचं, शनिवारच्या अंधाराचं. सरळ, रडका सूर न लावता सांगितलं. साडभाऊ मान खाली घालून पायाच्या अंगठ्यानं फरशीवरचं पाणी पुसत होते. मुलाच्या आईनं ऐकून घेतलं, भिंतीवरच्या झेंडूंकडे पाहिलं, आणि म्हणाली, "मंग लग्न झालं की आमच्या घरी या अन् आमच्या ह्याहिले बी दोन-चार गाठी मारून द्या. चष्मा कपाळावर असते अन् घरभर धुंडत राहतात." मुख्याध्यापकांचा हात नकळत कपाळाकडे गेला. चष्मा तिथंच होता. त्या हसण्यात लग्न ठरलं. निघताना मुख्याध्यापकांनी ताईला वाकून नमस्कार केला आणि साडभाऊंना म्हणाले, "तुमची शिस्त चांगली आहे, पण मास्तर त्या आहेत."

ते साडभाऊंनी फार मनावर घेतलं. शनिवारचा अंधार अजून चालू आहे, फक्त जागा बदलल्या. आता तपासायला ताई असते, आणि पलंगापासून परत परत जायला साडभाऊ. टॉर्च पेटीतच आहे. ते इतके ढ विद्यार्थी निघतील असं कोणालाच वाटलं नव्हतं. दर शनिवारी नव्यानं चुकतात. स्वयंपाकघरात जायचं तर न्हाणीच्या दाराशी उभे राहतात, गाठ चाचपतात आणि हाक मारतात, "मले नाही समजून राहिलं वं. हात दे." मग ताई कामातून उठून जाते, "एवढे शिकले, खांबावर चढले, अन् एक बोळ पार होत नाही," असं म्हणत त्यांचा हात धरते आणि त्यांना घेऊन येते. तिला आता फार थोडं दिसतं. पण त्या घरात तिचा हात कोणी धरत नाही.

मागच्या शनिवारी मी तिथं होतो. मेन स्वीच बंद झाला. ताई गच्चीवर वाळवण काढायला गेली होती. मला ठसका लागला, तशी साडभाऊ उठले, त्या काळोखात दोरीला बोटही न लावता सरळ आत गेले, अचूक पेला भरून आणला आणि माझ्या हातात ठेवला. मी बघतच राहिलो. म्हणजे बघण्यासारखं काही नव्हतं, पण राहिलो. ताई खाली आल्यावर ते न्हाणीकडे गेले तेव्हा मी तिला हळूच म्हणालो, "ताई, भाऊजींना सगळं येतं."

"मले माहीत आहे," ती म्हणाली. "केव्हाचंच येते त्याहिले. राहू द्या."

एवढ्यात बोळीतून आवाज आला, "कुठं गेली वं? ही गाठ कशाची आहे?"

"आली, आली," म्हणत ताई उठली, आणि तिच्या बांगड्या भिंतीच्या कडेनं वाजत आत गेल्या.